आधी हाक, मग कागद : नॉनबायनरी व्यक्तीनं नवं नाव कसं निवडावं

प्रश्न थोडक्यात असा आहे. वय 24, घर ऐरोलीत, नोकरी तिथल्याच आयटी पार्कमध्ये. तुम्ही स्वतःला नॉनबायनरी म्हणवता, म्हणजे फक्त पुरुष किंवा फक्त स्त्री या चौकटीत न बसणारी व्यक्ती. जन्मनाव ऐकलं की समोरचा माणूस एका क्षणात मुलगा की मुलगी ते ठरवून मोकळा होतो, आणि हे आता सोसवेनासं झालंय. नवं नाव मराठी वाटावं, आजीला नीट उच्चारता यावं, ऑफिसात चालावं. इंटरनेटवरच्या याद्या वाचून डोकं भणाणलंय. त्यात एक मित्र म्हणतो, सरळ शासनाच्या राजपत्रात नावबदलाची जाहिरात देऊन टाक, एकदा छापून आलं की घरचे काय करणार?

मित्राच्या सल्ल्यापासूनच सुरुवात करते, कारण तो ऐकलात तर बाकीचं सगळं अवघड होऊन बसेल. राजपत्र सगळ्यात शेवटी. मी ठाण्यात समुपदेशक म्हणून काम करते आणि नावाचा प्रश्न घेऊन येणारी ट्रान्स आणि नॉनबायनरी मंडळी माझ्याकडे नेहमी असतात. ज्यांनी नाव आधी लोकांच्या तोंडी रुळवलं, त्यांना पुढचं कागदाचं काम कंटाळवाणं वाटलं पण जड गेलं नाही. ज्यांनी घरच्या भांडणाच्या दुसऱ्या दिवशी अर्ज भरला, त्यांच्यातल्या काहींना पुढे ते नाव स्वतःचं वाटेना. दुसरं नाव घेण्यात कमीपणा काहीच नाही. अडचण एवढीच, की आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. त्यातली एक संधी रागावर खर्च करू नका.

आता याद्यांबद्दल. तुम्ही वाचल्यात त्या याद्यांमध्ये सगळ्या भारताची खिचडी असते. पंजाबीत गुरप्रीत, हरप्रीत, मनजीत ही नावं मुलगा-मुलगी दोघांनाही ठेवतात, कारण फरक सांगायला पुढे सिंग किंवा कौर असतं. मराठीत अशी सोय नाही. आपल्याकडे पहिल्या नावातच सगळं उघड व्हावं अशी अपेक्षा असते. शेवटी आ किंवा ई आली की मुलगी, मोकळा अ आला की मुलगा, असा एक ढोबळ कान प्रत्येकाचा तयार झालेला असतो. त्यामुळे यादीत ‘दोघांसाठी’ म्हणून दिलेलं नाव ठाण्याच्या गोखले रोडवर एकतर्फी ठरू शकतं. ज्योती हे नाव घ्या. बंगालमध्ये ज्योती बसू अनेक वर्षं मुख्यमंत्री होते. आपल्याकडे ज्योती म्हटलं की मुलगीच डोळ्यासमोर येते. आणि तरीही महात्मा फुले आपल्या ‘अखंड’ नावाच्या पद्यरचनांमध्ये स्वतःला ‘जोती’च म्हणत. कमलचंही तसंच. दक्षिणेत आणि हिंदीत पुरुष, आपल्या चाळींमध्ये कमलताई आणि कमलमावशी. थोडक्यात, नाव तटस्थ आहे की नाही हे तुमच्या भोवतीची माणसं ठरवतात, आणि तीही पिढीगणिक वेगळं ठरवतात.

म्हणून कोश उघडण्याआधी कान तपासा. मनात असलेली तीन-चार नावं घ्या आणि वेगवेगळ्या वयाच्या, तुमच्याबद्दल काहीच माहीत नसलेल्या लोकांना सहज विचारा, ‘अमुक नावाची व्यक्ती येणार आहे, कोण असेल असं वाटतं?’ अर्थ विचारायचा नाही. जे चटकन तोंडातून येईल ते ऐकायचं. दोन प्रकारची उत्तरं मिळतील.

काही नावांवर लोकांची मतं फुटतात. कुणी म्हणतं मुलगा, कुणी म्हणतं मुलगी. मराठीत याचं सगळ्यात भक्कम उदाहरण किरण. यष्टिरक्षक किरण मोरे आणि पोलीस अधिकारी किरण बेदी दोघेही जुन्या पिढीला ठाऊक आहेत, त्यामुळे आजीसुद्धा या नावाला अडखळत नाही. शशी बऱ्यापैकी याच जातीचं, शशिकांत आणि शशिकला दोघांचंही घरातलं रूप. मधू, विजू, नंदू, सोनू ही ऊकारान्त लाडाची नावं तर मराठीत कायम दोन्हीकडे फिरत आली आहेत. विजयचा विजू होतो आणि विजयाचीही विजूच होते.

दुसऱ्या प्रकारच्या नावांवर लोक उलट विचारतात, ‘म्हणजे? हे नाव आहे?’ मोहोर, बहर, आभाळ, सांज, गारवा, नक्षत्र अशी. ही नावं कुणाच्याच खात्यात जमा नसतात. अलीकडे येणाऱ्या तरुण मंडळींचा ओढा अशा नावांकडे जास्त दिसतो, आणि मला ते समजतं. जे नाव कुणाच्या आत्याचं किंवा काकाचं नव्हतं, त्यावर कुणाचा हक्क आधीपासून लागलेला नसतो. मराठीत नपुंसकलिंग आहे, हिंदीत नाही, म्हणून काही जण मुद्दाम नपुंसकलिंगी शब्द शोधतात. ते अक्षर, ते क्षितिज, ते आभाळ. कल्पना छान आहे, पण त्यावर विसंबू नका. क्षितिज व्याकरणात नपुंसकलिंगी असलं तरी पालकांनी इतक्या मुलांना ठेवलंय की ऐकणाऱ्याला मुलगाच दिसतो. अक्षर नाव म्हटलं की क्रिकेटवाल्यांना अक्षर पटेल आठवतो.

दोन्ही प्रकारांची आपापली डोकेदुखी आहे. पहिल्यात लोक नाव ऐकून गोंधळतात आणि मग तुमच्या चेहऱ्याकडे, आवाजाकडे, कपड्यांकडे बघून स्वतःच निकाल लावतात. म्हणजे भेटीआधी, ईमेलवर, फोनच्या यादीत तुम्ही सुटता, समोरासमोर सुटत नाही. दुसऱ्यात प्रत्येक नव्या माणसाला अर्थ, स्पेलिंग आणि ‘हे कुणी ठेवलं?’ याचं उत्तर द्यावं लागतं. वाशीच्या बँकेत रांगेत उभं असताना रोज तेच उत्तर देण्याचा कंटाळा किती येईल, हे तुमच्या स्वभावावर आहे. कोणती डोकेदुखी दहा वर्षं सहन होईल ते बघा आणि त्या बाजूचं नाव घ्या. माझ्या मते यादी चाळण्यापेक्षा हा प्रश्न जास्त कामाचा आहे.

तुम्ही आजी आणि ऑफिस दोन्ही मोजताय, म्हणून माझा कल पहिल्या प्रकाराकडे झुकतो. त्यातही आधी एक सोपी वाट तपासा. तुमचं आताचं नाव मी इथे लिहीत नाही, पण त्याची शेपटी कापून काही उरतंय का? तेजस आणि तेजस्विनी दोघांतूनही तेज उरतं. शुभम आणि शुभांगीतून शुभ. प्राजक्ताचं प्राज, मृणालिनीचं मृणाल. मृणाल आपल्याकडे बहुतेक मुलींचं, पण बंगालमध्ये ते पुरुषांचंही आहे, आणि नवी मुंबईसारख्या सरमिसळीच्या शहरात त्याचा फायदा होतो. असं कापलेलं नाव घरच्यांच्या तोंडात आधीच अर्धं बसलेलं असतं, जुने मित्र चुकले तरी फार चुकत नाहीत. काहींना मात्र जुन्या नावाचा वाससुद्धा नको असतो. तसं असेल तर ही वाट सोडून द्या, स्वतःवर जबरदस्ती करू नका. सोयीचं आहे म्हणून घेतलेलं आणि दर वेळी आत काहीतरी टोचणारं नाव कामाचं नाही.

एका नावाबद्दल वेगळं सांगते, कारण ते सध्या फार जण सुचवतात : राही. हिंदीतून आलेला वाटसरू हा अर्थ घेऊन तरुण मंडळी ते तटस्थ समजतात. पण विठ्ठलाच्या आरतीत राही ही रखुमाईबरोबरची राणी आहे. ज्या घरात रोज आरती होते तिथे आजीच्या कानाला राही म्हणजे बाईच. तुमच्या घरी वारकरी वातावरण असेल तर हे आधी माहीत असलेलं बरं. कुणाला हेच आवडतंही. एकाच नावात आजीची राही आणि आपला वाटसरू, दोघं सुखानं राहतात.

परदेशी नावांवर फार वेळ घालवत नाही. अ‍ॅलेक्स, सॅम, रे ही नावं ऑफिसात चालतात, आणि आईच्या तोंडी ती परक्या माणसाची नावं वाटतात. तुम्हाला तेच नको आहे.

नाव कागदावर सुंदर दिसतं की नाही याला मी दुय्यम मानते. ते हाक मारायला कसं आहे? स्वयंपाकघरातून आतल्या खोलीत हाक पोचली पाहिजे. ट्रान्स-हार्बरच्या गाडीत घणसोलीला चढलेल्या मित्रानं डब्याच्या दुसऱ्या टोकाकडून ओरडून हाक मारली तर ऐकू आलं पाहिजे. दोन अक्षरी किंवा तीन अक्षरी, मध्ये एखादा ठसठशीत स्वर, शेवट हवेत विरणारा नको. जोडाक्षरं जितकी कमी तितकी आजी खूश. ळ आणि ण असलेली नावं मराठीत गोड लागतात, पण रोमन लिपीत ळ चा ल होतो, ण चा न होतो, आणि ऑफिसातला चेन्नईचा किंवा लखनौचा सहकारी जे वाचेल ते तुम्हाला ऐकवणार नाही. नाव रोमनमध्ये लिहून एखाद्या अमराठी मैत्रिणीला मोठ्यानं वाचायला सांगा. आभाळचं ‘अभल’ झालेलं चालणार असेल तरच ते ठेवा.

घरच्यांचा भाग आता. तुम्ही लिहिलंय की विषय काढताच आईनं ‘आम्ही इतक्या हौसेनं ठेवलेलं नाव’ असं म्हणून डोळ्यांना पदर लावला. हे दुःख खरं असतं, त्याला ‘जुनाट विचार’ म्हणून उडवून लावू नका. बारशाला नाव ठेवणं हा घरातला मोठा सोहळा असतो. आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, पाठीवर धपाटे पडतात, घुगऱ्या वाटल्या जातात. त्या नावामागे कुणाचा तरी हट्ट, कुणाची तरी माघार असते. पण त्याच परंपरेत तुमच्या उपयोगाचं बरंच काही दडलेलं आहे.

पहिलं म्हणजे, बारशाच्या वेळी मागे पडलेली नावं. मुलगा झाला तर काय, मुलगी झाली तर काय, याच्या याद्या बहुतेक घरांत झालेल्या असतात. आईला किंवा आत्याला विचारा, ‘माझं दुसरं काय नाव ठेवणार होतात?’ हा प्रश्न निरुपद्रवी आहे. त्यानं तुम्ही काहीच उघड करत नाही, आणि गप्पा मात्र सुरू होतात. त्यातून नेमकं हवं ते नाव निघेल असं नाही, पण एखादं अक्षर, एखादा अर्थ, पणजोबांचं विसरलेलं टोपणनाव हाती लागतं. नाव घरातूनच आलं की विरोधाची धार कमी होते.

दुसरं, पत्रिका. तुमच्या घरी जन्माक्षर पाळत असतील तर नक्षत्र आणि चरण विचारून घ्या. रोहिणीला ओ, वा, वी, वू ही अक्षरं येतात. मृगाला वे, वो, का, की. माझा यावर विश्वास आहे की नाही हा मुद्दा नाही. वडिलांचा असेल तर ‘नवं नाव पत्रिकेतल्या अक्षरावरून आहे’ हे वाक्य एखाद्या लांबलचक खुलाशापेक्षा जास्त काम करतं. किरण हे नाव मृगाच्या शेवटच्या चरणात छान बसतं.

तिसरं जरा जपून वापरायचं. आपल्याकडे मोठेपणी नाव बदलणं नवीन नाही. लग्नात ताटभर तांदळात अंगठीनं नवं नाव लिहून सुनेचं नाव बदलण्याची पद्धत अनेक घरांत होती, काही घरांत अजून आहे. तुमच्या आईचं किंवा आजीचं माहेरचं नाव काय होतं? विसाव्या वर्षी सगळ्या गावानं वेगळ्या नावानं हाक मारायला सुरुवात केली, तेव्हा लोकांना किती दिवस लागले? आजी याचं उत्तर मजेत देईल. पण आईच्या बाबतीत ते नाव तिला न विचारता बदललेलं असू शकतं, आणि ती जखम असू शकते. वाद जिंकायचा मुद्दा म्हणून हे तिच्यावर फेकू नका. विचारा, ऐका, तेवढ्यावर थांबा. माझ्या अनुभवात पुष्कळदा आईच चार दिवसांनी म्हणते, ‘मला तर कुणी विचारलंही नव्हतं. तू निदान निवडतोयस.’ किंवा ‘निवडतेयस.’ क्रियापद तिला लगेच जमत नाही.

क्रियापदाचं काय करायचं, हे आता आलंच. नाव कितीही तटस्थ घ्या, मराठी वाक्य पुढच्या शब्दात तुम्हाला पकडतं. किरण आला की किरण आली? इंग्रजीत नाव आणि सर्वनाम सांभाळलं की झालं, इथे विशेषणापासून क्रियापदापर्यंत सगळं बदलतं. म्हणून नाव सांगताना त्याबरोबर एक तयार वाक्यही द्या. ‘मला किरण म्हणा, आणि किरण आले, किरण गेले असं चालेल.’ आदरार्थी बहुवचन मराठी माणसाला नवं नाही, सर आले, आजोबा आले असं आपण दिवसभर बोलतो. ऑफिसात हे फार लवकर रुळतं. घरी चोवीस वर्षांच्या नातवंडाला ‘आले’ म्हणताना आजीला हसू येईल, आणि ती पूर्वीसारखंच बोलत राहील. तिच्याकडून नवं नाव घ्या, क्रियापदाचा आग्रह पुढे ढकला. काही जण ‘किरण आलं’ हे नपुंसकलिंगी रूप आवडीनं निवडतात. मी स्वतःहून ते सुचवत नाही, कारण ऐकणाऱ्यांना ते तान्ह्या बाळासाठी किंवा वासरासाठी वाटतं आणि चिडवायला आयतं कोलीत मिळतं. पण निवडणाऱ्याला त्यात मोकळं वाटत असेल तर प्रश्नच मिटला.

स्वतःबद्दल बोलताना मात्र मराठी बरीच उदार आहे. मी जाईन, मला जायचंय, मी जेवण केलं, माझं काम झालं, मला वाटतं, या कशातच लिंग नाही. सराव केला तर आख्खी मीटिंग अशी निभावता येते. आणि कोल्हापूरकडच्या मुली ‘मी आलो, मी जातो’ सर्रास म्हणतात, तेव्हा कुणी व्याकरणाचं पुस्तक काढून भांडत नाही, हेही लक्षात असू द्या.

नाव वापरून बघायचं ते जिथे धोका नाही तिथून. रविवारी नाश्त्याला रांग असते तिथे वहीत नाव लिहायला सांगतात. तिथे नवं नाव द्या. हाक आल्यावर तुमची मान आपोआप वळते का ते बघा. मग दोन-तीन जवळचे मित्र. मग एखादा असा गट जिथे जुनं नाव कुणालाच ठाऊक नाही : येऊरला पक्षी बघायला जाणारी मंडळी, चित्रकलेचा वर्ग, बॅडमिंटनचं कोर्ट. ओळखीच्यांनी नाव बदलून हाक मारणं आणि अनोळखी लोकांनी मुळातच त्या नावानं ओळखणं, यांत जमीन-अस्मानाचा फरक असतो. दुसरा अनुभव घेतल्याशिवाय निर्णय पक्का करू नका. वाईट बातमी या नावानं ऐकून बघा, भांडणात कुणी हे नाव घेतलं तर कसं वाटतं ते बघा. गणपतीत घर पाहुण्यांनी भरलेलं असताना हे नाव कानावर आलं तर लपावंसं वाटतं की ओ द्यावीशी वाटते? एखादा सणवार त्या नावानं काढला की बरंच स्पष्ट होतं. आणि घरातल्या लग्नाची पत्रिका छापणार असतील तर तळाशी ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’ म्हणणाऱ्या बच्चेकंपनीच्या टोपणनावांच्या ओळीत तुमचं नवं नाव घुसवायला चुलत भावंडांना सांगा. कुणी आक्षेप घेत नाही, आणि छापील नाव नातेवाइकांच्या घरात पोचतं.

काहींना वाटतं योग्य नाव सापडलं की अंगावर काटा येईल. येतो कुणाकुणाला. बऱ्याच जणांना येत नाही, त्यांना हळूहळू सवय होते आणि एक दिवस लक्षात येतं की जुन्या नावाची हाक आता आपल्याला उशिरा कळते. दोन्ही ठीक आहे.

मधल्या काळात घरी एक आणि बाहेर एक असं दोन नावांनी जगावं लागलं तर ते खोटेपण समजू नका. पाळण्यातलं वेगळं, शाळेतलं वेगळं, हाक मारायचं वेगळं, ही आपली जुनीच तऱ्हा आहे. तुम्ही घरखर्चासाठी आई-वडिलांवर अवलंबून असाल किंवा घरातून काढून टाकण्याची, मारहाणीची भीती असेल, तर घरी सांगायची घाई अजिबात नको. आधी स्वतःचं बँक खातं, मूळ कागदपत्रं आपल्या ताब्यात, आणि एका रात्रीत जाऊन राहता येईल असं एक घर. नाव थांबू शकतं.

तटस्थ नावाला नात्याचे शब्द जोडले की पुन्हा गाडी अडते. किरणदादा की किरणताई? यावर सगळ्यांना लागू पडेल असं उत्तर मराठीत अजून रुळलेलं नाही. भाचरं लहान असतील तर नुसत्या नावानं किंवा घरात जुळवलेल्या एखाद्या शब्दानं हाक मारायला लगेच शिकतात. मोठी माणसं अडकतात. हा प्रश्न नावावर टाकू नका, नाव तो सोडवणार नाही.

आता आडनाव आणि मधलं नाव. महाराष्ट्रात पूर्ण नावात तीन भाग येतात, स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव. बदलायचं म्हणून तिन्ही बदलायची हुक्की अनेकांना येते. आडनावाला शक्यतो हात लावू नका, विशेषतः जातीचा दाखला आणि जात वैधता प्रमाणपत्र तुमच्या शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी लागणार असेल तर. वडिलांचं नाव आणि आडनाव तेच राहिलं की जुन्या-नव्या कागदांची साखळी जोडून दाखवणं सोपं जातं. मधे आईचं नाव लावावंसं वाटत असेल तर ते मात्र समजण्यासारखं आहे, आणि राज्य शासनही त्याच दिशेनं गेलंय. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांवर बाळाच्या नावानंतर आधी आईचं, मग वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम आहे. तुमच्या पिढीला ते आपोआप लागू नाही.

कागदांबद्दल सगळ्यात महत्त्वाचं हे, की नाव आणि लिंगाची नोंद या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमुक नाव अमुक लिंगाच्याच माणसानं ठेवावं असा कायदा आपल्याकडे नाही. लिंगाचा रकाना आहे तसा ठेवून तुम्ही नाव बदलू शकता, त्यासाठी डॉक्टरचा कागद लागत नाही. लिंगाच्या नोंदीचा रस्ता वेगळा. ट्रान्सजेंडर व्यक्तींची ओळख मान्य करणारा सर्वोच्च न्यायालयाचा नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यातला निकाल 15 एप्रिल 2014 चा, त्यानंतर ट्रान्सजेंडर व्यक्तींसाठी 2019 चा कायदा आला आणि ओळख प्रमाणपत्राचं काम जिल्हाधिकाऱ्यांकडे गेलं. या विषयातल्या तरतुदी बदलत राहतात, तेव्हा त्या वाटेनं जायचं ठरलं तर अर्जाच्या दिवशी काय लागू आहे हे वकिलाकडून तपासून घ्या. एक स्थानिक गोष्ट लक्षात असू द्या. ऐरोली, वाशी, नेरूळ, बेलापूर हे ठाणे जिल्ह्यात येतात. खारघर, कामोठे, कळंबोली रायगडमध्ये. नवी मुंबई म्हणून सगळे ठाण्याच्या कोर्टनाक्यावरच्या जिल्हाधिकारी कार्यालयात येतात आणि खारघरवाल्यांना अलिबागचा पत्ता घेऊन परत जावं लागतं.

नावासाठी महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात जाहिरात द्यायची. हे काम शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाचं, कार्यालय मुंबईत चर्नी रोडला, अर्ज ऑनलाइन भरता येतो. एजंटची गरज नाही, तरी एजंट भेटतीलच. अर्जातलं प्रत्येक अक्षर तीनदा वाचा, कारण छापून आलेली चूक नंतर प्रत्येक खिडकीवर आडवी येते. आणि मित्राला हे नक्की सांगा : राजपत्र सार्वजनिक असतं. जुनं नाव आणि नवं नाव शेजारी शेजारी छापलं जातं आणि ते पान कुणालाही बघता येतं. नातेवाइकांपासून नाव लपवायची गरज असताना हे पाऊल उचलणं म्हणजे आपणच दवंडी पिटणं.

राजपत्र हातात आलं की क्रम पाळा. आधी आधार, कारण बाकीचे सगळे तेच मागतात. पूर्ण नाव बदलताना तिथे राजपत्राची प्रत लागते. केंद्रावर इंग्रजी नाव टाइप केलं की मराठी नाव यंत्र स्वतः तयार करतं आणि त्यात हमखास गडबड होते, म्हणून पावती देण्याआधी पडद्यावरची मराठी ओळ वाचून दुरुस्त करून घ्या. मग पॅन, कारण आधार आणि पॅनवरची नावं जुळली नाहीत तर जोडणी अडते. मग बँक, भविष्य निर्वाह निधी, पासपोर्ट. मतदार यादीसाठी नमुना 8. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि पदवी जुन्या नावानं राहिली तरी घाबरू नका, राजपत्राची प्रत सोबत जोडली की बहुतेक ठिकाणी निभावतं. परदेशी शिक्षणाचा विचार असेल तर मात्र विद्यापीठात आधीच विचारून ठेवा. आधी काढलेली रेल्वे-विमानाची तिकिटं ओळखपत्राशी जुळतात का, तेही प्रवासाच्या आदल्या रात्री न बघता आधी बघा.

ऑफिससाठी तर कागदांची वाटही बघावी लागत नाही. पगाराच्या आणि कराच्या नोंदींत कायदेशीर नाव राहू द्या. ईमेलवर दिसणारं नाव, चॅट, ओळखपत्राच्या पट्टीवरचं नाव हे एचआरला सांगून बदलता येतं, आणि आयटीतल्या पुष्कळ कंपन्यांमध्ये त्यासाठी रकानाच असतो. तो भरण्याआधी तुमच्या थेट वरिष्ठांशी पाच मिनिटं बोला, म्हणजे सोमवारी सकाळी टीमसमोर ‘हे कोण नवीन?’ असा विनोद होणार नाही. जुनं नाव गळतं ते छोट्या फटींतून. चहाच्या टपरीवर यूपीआयनं पैसे दिले की बँकेतलं नाव समोरच्याच्या फोनवर उमटतं, ट्रूकॉलर कुणीतरी पूर्वी साठवलेलं नाव दाखवतो, सोसायटीच्या गेटवरच्या अ‍ॅपमध्ये आई-वडिलांनी भरलेलं नाव असतं, डिलिव्हरीवाला पिशवीवरचं नाव मोठ्यानं वाचतो. यातलं बँकेचं नाव राजपत्रानंतरच बदलेल. बाकीची तिन्ही ठिकाणं आज संध्याकाळी फोन हातात घेऊन बदलता येतात. गेटच्या अ‍ॅपचं मात्र आधी बघा. त्याचा संदेश घरातल्या सगळ्यांच्या फोनवर जात असेल, तर घरी बोलणं होईपर्यंत ते तसंच राहू द्या.